तिच्या शेजारी बसा: शोधपत्रकारितेत येणाऱ्या मुलींच्या मार्गदर्शकांसाठी

मी बातमीदारीत आले तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. धीट राहा, कुणावर पटकन विश्वास ठेवू नकोस, सोर्स (माहिती देणारं माणूस) जप. पण दोनशे पानांचा लेखापरीक्षण अहवाल पहिल्यांदा हातात आला, तेव्हा तो कुठून वाचायला घ्यायचा हे सांगायला खुर्ची ओढून कुणी शेजारी बसलं नाही. अहवाल अकरा दिवस माझ्या टेबलावर पडून होता. बाराव्या दिवशी त्यातलीच बातमी दुसऱ्या वर्तमानपत्रात आली.

नवी मुलगी समोर येऊन बसते तेव्हा मला ते अकरा दिवस आठवतात. या कामातलं कसब पाहून पाहून येतं. रात्री उशिरापर्यंत डेस्कवर रेंगाळताना, दौऱ्यावरच्या गाडीत, काम संपल्यावरच्या गप्पांत मुलांच्या कानावर ते आपसूक पडत जातं. मुली बहुतेक वेळा त्या गप्पांत नसतात. त्यामुळे त्यांना शिकवणं ठरवून, वेळ काढून करावं लागतं. पहिल्यांदाच अशी जबाबदारी घेणाऱ्या अनुभवी बातमीदारांसाठी, मग त्या बाई असोत की पुरुष, मी जे करत आले ते इथे क्रमाने मांडते आहे.

पायरी १: आधी बोली करा

पहिल्या भेटीत बातमीचा विषय काढू नका. आपण किती वेळा भेटणार, कुठे भेटणार, मी तुझ्या कामात कुठवर लक्ष घालणार, तू मला सांगितलेलं कुणापर्यंत जाणार नाही, हे सगळं बोलून घ्या आणि अर्ध्या पानावर लिहून दोघींकडे एकेक प्रत ठेवा. दोन आठवड्यांतून एक तास, ठरलेल्या दिवशी, एवढं पुरतं. 'कधीही ये गं, दार उघडंच आहे' असं म्हटलं की ती येत नाही. आपण यांचा वेळ खातो आहोत असं तिला वाटत राहतं.

दोन गोष्टी त्या कागदावर असायलाच हव्यात. तिने आणलेली बातमी तिचीच राहील, ही पहिली. दुसरी अशी की तुम्ही तिचे वरिष्ठ असाल, तिची पगारवाढ किंवा बदली तुमच्या हातात असेल, तर तिच्यासाठी आणखी एक मार्गदर्शक शोधून द्यायचा. साहेबासमोर कुणी 'मला हे जमत नाहीये' असं म्हणत नाही, आणि ते वाक्य ऐकल्याशिवाय शिकवता येत नाही. पुरुष मार्गदर्शकांना माझं एक सांगणं आहे. भेटी कार्यालयात, कामाच्या वेळेत ठेवा. या व्यवसायात मुलींना 'शिकवतो' म्हणणाऱ्यांचे वाईट अनुभव इतके आले आहेत की तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी तो ताडत बसण्याचं ओझं तिच्यावर पडता कामा नये.

पायरी २: पहिली बातमी लहान निवडा

नवी मुलगी बहुधा सगळ्यात मोठा विषय घेऊन येते. तिच्या डोळ्यांसमोर अशा कथा असतात. नेली ब्लाय ही अमेरिकन बातमीदार १८८७ मध्ये वेडाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या ब्लॅकवेल्स बेटावरच्या मनोरुग्णालयात शिरली, दहा दिवस राहिली आणि तिच्या लिखाणाने तिथला कारभार हादरला. ही कथा सांगताना मी तिची दुसरी बाजूही सांगते. 'मला बाहेर कसं काढणार?' असं तिने विचारलं तेव्हा संपादकाकडे पक्कं उत्तर नव्हतं, हे तिनेच लिहून ठेवलं आहे. शेवटी वर्तमानपत्राच्या वकिलाने जाऊन तिला सोडवून आणलं. उत्तर तयार नसताना आज मी कुठल्याही मुलीला आत जाऊ देणार नाही. वेषांतर, छुपा कॅमेरा हे पहिल्या बातमीचे मार्ग नाहीतच.

मी आयडा टार्बेल या अमेरिकन पत्रकाराचं उदाहरण पुढे ठेवते. स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य कंपनीवर तिने नोव्हेंबर १९०२ पासून मॅक्लुअर्स मासिकात १९ भाग लिहिले. ते उभे होते न्यायालयातल्या साक्षींवर, सरकारी चौकश्यांच्या अहवालांवर आणि कंपनीतल्याच एका बड्या अधिकाऱ्याच्या मुलाखतींवर. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीचे तुकडे करण्याचा आदेश कायम केला. बहुतांश सामग्री सार्वजनिक कागदांत विखुरलेली होती. ती गोळा करून जुळवायला कुणी बसलं नव्हतं, एवढंच.

पहिल्या बातमीसाठी तिला तीन प्रश्न विचारा. हे कागदावर सिद्ध होईल का? दीड-दोन महिन्यांत संपेल का? मनातला संशय खोटा ठरला तरी छापण्याजोगं काही उरेल का? तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या बातमीत 'सगळं किंवा काहीच नाही' असतं, तिच्यात नवखी बातमीदार पुरावा नकळत वाकवू लागते.

मग संशय एका वाक्यात लिहायला सांगा. 'औषधखरेदीत घोटाळा आहे' हे वाक्य नाही, तो नुसता वास आहे. 'रुग्णालयाने तीन वर्षं एकाच पुरवठादाराकडून निविदा न काढता औषधं घेतली' हे वाक्य आहे, कारण ते खोटं ठरू शकतं. ते वाक्य खोडायला काय सापडावं लागेल, हेही तिला त्याच पानावर लिहू द्या.

पायरी ३: कागद एकत्र वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तुमच्याकडे महिन्याला दोनच तास असतील तर दोन्ही इथे घाला.

कागदाची एक प्रत तिच्यासमोर, एक तुमच्यासमोर. मूळ प्रत वेगळी, हात न लावता ठेवलेली. आता तुम्ही मोठ्याने वाचायचं आणि मोठ्याने विचार करायचा. 'इथे तारीख आहे पण सही नाही. का?' 'परिशिष्ट चार म्हणतायत, पण शेवटी तीनच परिशिष्टं आहेत.' 'ही रक्कम मागच्या तक्त्यात वेगळी होती, थांब, मागे जाऊ.' तुमच्या डोक्यात वीस वर्षांत जे आपोआप होऊ लागलं आहे, ते तिला ऐकू आलं पाहिजे. तुमचा अंदाज चुकला तर तोही ऐकू येऊ द्या. मोठी माणसंसुद्धा चुकीच्या दिशेने जातात आणि परत वळतात, हे पाहिल्यावर मुलींच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मी पाहिला आहे.

वाचायचा क्रम माझा असा. अहवालाचा सारांश सर्वांत शेवटी, कारण तो लिहिणाऱ्याला काय दिसू द्यायचं आहे तेच त्यात असतं. आधी परिशिष्टं, मग तक्ते, मग तळटीपा, मग मजकूर. दुसऱ्या वाचनात फक्त माणसांची नावं, आणि एकाच माणसाचं नाव किती प्रकारे लिहिलं आहे ते. तिसऱ्या वाचनात काय नाही ते शोधायचं: गाळलेला महिना, न जोडलेलं पत्र, ज्याचा उल्लेख आहे पण नोंद नाही अशी बैठक.

वाचता वाचता घटनाक्रमाचा तक्ता भरायचा. रकाने सहा: तारीख, काय घडलं, कुणी केलं, कुठल्या कागदात, कुठल्या पानावर, आणि मला हे कसं कळलं. शेवटचा रकाना मुली गाळतात. तो गाळू देऊ नका. तीन महिन्यांनी वकील समोर बसून विचारतो तेव्हा त्या रकान्यावरच सगळी भिस्त असते.

माहिती मागणारा अर्जही शेजारी बसूनच लिहायला शिकवा. असा हक्क कायद्याने पहिल्यांदा मिळाला तो १७६६ मध्ये स्वीडनमध्ये. आज शंभराहून अधिक देशांत या ना त्या रूपात तसा कायदा आहे. नियम जागोजागी वेगळे असतात, चूक मात्र सगळीकडे एकच होते: अर्जात 'का' विचारलं जातं. 'हे काम का रखडलं?' याला कार्यालय कारण देईल किंवा देणार नाही. 'अमुक कामाच्या अमुक ते अमुक तारखेपर्यंतच्या मोजमाप नोंदी आणि देयकांच्या प्रती द्या' याला कागद द्यावे लागतात, किंवा ते नाहीत असं लेखी सांगावं लागतं. दोन्हींत बातमी असू शकते. एका अर्जात एक विषय, ठरावीक काळ, कागदाचं नेमकं नाव.

आणि ही सगळी मेहनत कशासाठी, असं ती विचारेल तेव्हा आयडा बी. वेल्स या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पत्रकाराबद्दल सांगा. मार्च १८९२ मध्ये मेम्फिस शहरात तिच्या तीन ओळखीच्या माणसांना जमावाने ठार मारलं. कृष्णवर्णीयांना असं झुंडीने मारण्यामागे बलात्काराचं कारण सांगितलं जाई. वेल्सने एकेक प्रकरण तपासलं आणि ते कारण बहुतेक वेळा टिकत नाही हे दाखवलं. आकडे तिने घेतले ते गोऱ्यांच्याच मोठ्या वर्तमानपत्राने, शिकागो ट्रिब्यूनने छापलेले, म्हणजे आकडे रचल्याचा आरोप करायला जागाच उरू नये. त्याच वर्षी मे महिन्यात ती गावाबाहेर असताना तिच्या वर्तमानपत्राचं कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आलं, आणि तिला परतता आलं नाही. तिचं धैर्य सगळे सांगतात. मला नव्या मुलींना तिची पद्धत दाखवावीशी वाटते, कारण ती शिकता येते.

पायरी ४: माणसांशी बोलण्याची तालीम

बाहेरच्या वर्तुळातून आत जायचं. आधी ज्यांचा काही स्वार्थ नाही ते जाणकार, मग नोकरी सोडून गेलेले, मग आतले, आणि ज्याच्यावर आरोप येणार तो सर्वांत शेवटी. भेटीआधी तालीम करा. तुम्ही तो चिडका अधिकारी व्हा. तिला अडवा, उलट प्रश्न विचारा, मध्येच 'ऑफ द रेकॉर्ड सांगतो' म्हणा. त्या शब्दांचा अर्थ बोलणं सुरू व्हायच्या आधी ठरवायचा, नंतर नाही. नाव छापायचं की नाही, मजकूर वापरायचा की नुसता समजून घ्यायचा, हे सोर्सला साध्या भाषेत विचारायची सवय लावा.

मुलींच्या वाट्याला इथे जे येतं ते उघड बोला. कुणी 'बेटा' म्हणून प्रश्न उडवून लावेल. कुणी कागद द्यायला रात्री, एकटीला, हॉटेलच्या खोलीत बोलावेल. कुणी मुलाखतीनंतर वैयक्तिक संदेश पाठवत राहील. मुलीला वाटतं, नाही म्हटलं तर बातमी जाईल आणि सांगितलं तर मला पुढे अशा कामावर पाठवणार नाहीत. माझ्याकडे शिकणाऱ्या एकीने अशा संदेशांबद्दल मला चार महिने सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून दर भेटीत मी तो प्रश्न स्वतःहून काढते, आणि आधीच सांगून ठेवते: अशी भेट नाकारलीस तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन, आणि त्यामुळे बातमी गेली तर जाऊ दे. भेटीची जागा आपण सुचवायची, सोबत सहकारी न्यायचा. हे भित्रेपण नाही. हॉलीवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याच्यावरच्या लैंगिक छळाच्या आरोपांची बातमी ५ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली, ती जोडी कँटर आणि मेगन टूही अशा दोघींच्या नावाने. एकमेकींचं काम तपासायला, ओझं वाटून घ्यायला दुसरी होती. त्यांनी केवळ आरोप छापले नाहीत. पैसे देऊन मिटवलेली किमान आठ प्रकरणं शोधून काढली.

अत्याचार सोसलेल्या व्यक्तीशी बोलायला नवखीला एकटं पाठवू नका. सुरुवातीला तुम्ही बोला, तिने ऐकावं. थांबायचं कधी हे ती व्यक्ती ठरवेल. तिच्याबद्दल जे छापणार ते तिला आधी वाचून दाखवायचं, आणि छापून आल्यावर काय होऊ शकतं तेही न लपवता सांगायचं.

पायरी ५: धोका तिचा एकटीचा राहू देऊ नका

युनेस्को आणि इंटरनॅशनल सेंटर फॉर जर्नालिस्ट्स यांनी २०२० मध्ये केलेल्या पाहणीत ७१४ महिला पत्रकारांपैकी ७३ टक्के जणींनी कामाच्या संदर्भात ऑनलाइन हिंसा सोसल्याचं सांगितलं. २० टक्के जणींना त्याचे पडसाद प्रत्यक्ष जगातल्या हल्ल्यात किंवा छळात दिसले होते. म्हणून 'ट्रोल्सकडे दुर्लक्ष कर' हा सल्ला मी देत नाही. तो देणं म्हणजे तिला एकटीला सोडणं.

तयारी बातमी छापण्याच्या आधी करायची. एक संध्याकाळ काढा आणि दोघी मिळून तिचं नाव इंटरनेटवर शोधा. घरचा पत्ता, घरच्यांचे फोटो, जुना फोन नंबर जे दिसेल ते काढून टाका. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी. सोर्सशी बोलायला सिग्नलसारखं अ‍ॅप, त्यात संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय चालू. कामाचा नंबर वेगळा. सोर्सने पाठवलेला फोटो पुढे देताना त्यात दडलेली जागा-वेळेची माहिती काढलेली. हे सगळं तिच्या फोनवर तिथेच करून घ्या, घरी जाऊन करते म्हटलं की राहून जातं.

मग माणसांची तयारी. शिव्यांचा पूर आला तर तिची इनबॉक्स दुसरं कुणीतरी वाचेल, हे आधी ठरवा. धमक्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपायचे, पुसायचे नाहीत. पोलिसांकडे जायची वेळ आली तर सोबत कोण, वकील कोण, संपादक जाहीरपणे तिची बाजू कधी घेणार, हे एका कागदावर नावानिशी असू द्या. बाहेर जाताना परतण्याची वेळ आणि फोन करायची वेळ. फोन आला नाही तर अर्ध्या तासात काय करायचं, तेही.

याहून महत्त्वाचं एक. तिला जे कळलं आहे ते तिच्या एकटीपाशी असता कामा नये. युरोपातल्या माल्टा या देशात पत्रकार डाफ्ने कारुआना गॅलिझिया स्वतःच्या ब्लॉगवर बहुतेक एकटीच लिहीत होती. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी तिच्या गाडीत बॉम्बस्फोट घडवून तिला मारण्यात आलं. पुढच्या एप्रिलमध्ये फॉर्बिडन स्टोरीज या संस्थेच्या पुढाकाराने १५ देशांतल्या ४५ पत्रकारांनी तिचं अर्धवट राहिलेलं काम पुढे नेऊन एकदम छापलं. हे मी मुलींना घाबरवायला सांगत नाही. कागदांच्या प्रती, नोंदी, सोर्सची खूण हे सगळं विश्वासातल्या आणखी दोन माणसांकडे आहे, आणि समोरच्याला ते माहीत आहे, यात थोडीतरी ढाल असते. ती वाटणी तुम्ही घडवून आणायची, तिने मागायची नाही.

पायरी ६: छापण्याआधीची बैठक

तयार मजकुराच्या प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या. तिने प्रत्येक क्रमांकापुढे कागद, पान किंवा मुलाखतीची तारीख लिहायची. जिथे जागा रिकामी राहील ते वाक्य काढायचं, कितीही सुंदर असलं तरी. ज्याच्याबद्दल लिहिलं आहे त्याला लेखी प्रश्न पाठवायचे, उत्तराला पुरेसा वेळ द्यायचा, आणि त्याचं म्हणणं शेवटच्या ओळीत न कोंबता जिथलं तिथे छापायचं. वाक्य काढताना तिच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा आणि कारण सांगा. कारण न सांगता काढलेलं वाक्य तिला फक्त तुमची मर्जी शिकवतं.

पायरी ७: नाव तिचं

बायलाइन, म्हणजे बातमीवरचं नाव, तिची. तुम्ही कागद वाचायला बसलात, तालीम घेतलीत, तरीही. संपादकांच्या बैठकीत बातमी तिलाच मांडू द्या, तुम्ही शेजारी गप्प बसा. तुमच्या ओळखी तिच्याशी वाटून घ्या: लेखापाल, वकील, जुने अधिकारी, दुसऱ्या शहरातले बातमीदार. २००३ पासून काम करणाऱ्या ग्लोबल इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम नेटवर्ककडे मोफत प्रशिक्षण साहित्य आहे. पनामा पेपर्स, म्हणजे परदेशांत नोंदवलेल्या कंपन्यांबद्दलच्या फुटलेल्या कागदांच्या वेळी १ कोटी १५ लाख कागद वाचायला शंभरावर माध्यमसंस्थांचे पत्रकार एकत्र आले होते. अशा गटात पुढे जागा मिळते ती आधी कुणीतरी 'ही चांगलं काम करते' असं म्हटलेलं असतं म्हणून. ते म्हणणारं माणूस तुम्ही व्हा.

पायरी ८: बातमी आल्यानंतर, आणि न आल्यानंतरही

छापून आल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करा, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा. दुसरा फोन जास्त गरजेचा. तोवर अभिनंदन संपलेलं असतं, नोटिसा आलेल्या असतात, आणि मुलाखतींत ऐकलेलं रात्री परत ऐकू येऊ लागलेलं असतं. झोप लागते का, जेवतेस का, असं सरळ विचारा. गरज वाटली तर समुपदेशकाकडे जाणं हा कामाचाच भाग आहे हे सांगा, आणि तुम्ही कधी गेला असाल तर तेही सांगा.

बऱ्याच बातम्या उभ्याच राहत नाहीत. अशा वेळी मुलगी स्वतःला नालायक ठरवून मोकळी होते. तिच्यासोबत बसून एक पान लिहा: काय विचारलं होतं, काय सापडलं, काय सापडलं नाही, कुठला एक कागद मिळाला असता तर बातमी झाली असती. ते पान फाइलवर लावा आणि फाइल जपून ठेवा. माझ्यासोबत काम केलेल्या एका मुलीची अशी फाइल तीन वर्षं कपाटात होती. मग एक निवृत्त कारकून नेमका तो कागद घेऊन आला. पान काढून वाचलं, आणि कुठून सुरू करायचं हे तिला मला विचारावं लागलं नाही.